दिवाळीपुरता रुपया

युनूस मणेर बावड्यात बांगड्या भरतो. बाईचा हात हातात घेतला की माप विचारावं लागत नाही, इतका तयार माणूस. सराफाकडे नाणं मोडलं की गावभर बोभाटा होतो, म्हणून अडल्यानडल्या बायका पदराच्या गाठीतला राणीछाप रुपया त्याच्याकडंच सोडत. तो त्या दिवसाच्या चांदीच्या भावानं चोख पैसे देई. वीस वर्षांत झिजक्या रुपयांनी त्याचा पत्र्याचा डबा भरला. माझं चहाचं दुकान शेजारीच. "अंडी उबवतोस काय रे?" म्हणून मी त्याला चिडवायचो.

वस्तीवरच्या आक्काबाईनंही नवऱ्याच्या आजारपणात सासूचा रुपया त्याला विकला होता. पण दिवाळी आली की ती हात पुढं करायची. "युनूस, पूजेपुरता दे रं." तो द्यायचा, आणि पाडव्याला ती धुऊन-पुसून परत आणायची. तिचा रुपया तो तांबड्या चिंधीत वेगळा ठेवायचा.

गेल्या वर्षी चांदी भलतीच चढली. पोराला, अनसला, बारामतीत दुकान टाकायचं होतं. युनूसनं तिथला एक व्यापारी बोलावला. त्यानं सगळे रुपये वजनावर घेतले आणि चिंधीतला उचलून म्हणाला, "हे साल सहसा मिळत नाही. याचे पाच हजार वेगळे."

युनूस घुटमळला. तेव्हा मीच तोंड घातलं. "देऊन टाक. आक्काला डब्यातला दुसरा दे. म्हातारीला काय कळतंय?" माझ्या जिभेला हाड नाही, हे खरंच. युनूसनं माझं ऐकलं.

दिवाळीला आक्काबाई आली. युनूसनं डब्यातला मागं ठेवलेला दुसरा रुपया त्याच चिंधीत बांधून दिला. तिनं तो अंगठ्यानं चाचपला, पदरात बांधला आणि गेली.

पाडव्याला परत आणून तिनं तो दुकानाच्या फळीवर ठेवला.

"ही तुझी राणी घे. आमच्या राणीच्या कानामागं खाच हाय. सासूबाईंनी दाखवली हुती."

युनूसची मान खाली गेली. "आक्का, मग परवाच का न्हाय बोललीस?"

"सणासुदीला तुला खोटं कशाला पाडायचं? ताटात रुपयाच्या जागी सुपारी मांडली मी."

युनूस दुसऱ्याच दिवशी बारामतीला गेला. रुपया पुढं कुणाला तरी विकला गेला होता. आता कुठली बाई नाणं विकायला आली की तो ते न घेताच तिला घरी पाठवतो. "आक्कानं मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं," असं तो म्हणतो, आणि ते ऐकून मलाच लाज वाटते.

संक्रांतीला आक्काबाई बांगड्या भरायला आली. नेहमीसारखा हात पुढं केला. युनूसनं तो धरला आणि पहिल्यांदाच विचारलं, "आक्का, माप काय गं तुझं?"