फणसाची फांदी आणि आमची कौलं

रोह्यातल्या आमच्या घरावर अजून मंगलोरी कौलं आहेत. आळीत बाकी सगळीकडे पत्रे नाहीतर स्लॅब आला. लोक विचारतात, एवढी वर्षं टिकवलीत कशी? मी सांगतो, दर मे महिन्यात कौलं उतरवून शेवाळ घासायचं, कौलांखालची वाळवी लागलेली लाकडी रीप लगेच बदलायची, वाशांना जळकं ऑइल लावायचं. आणि मुख्य म्हणजे, कौलाच्या मधोमध पाय द्यायचा नाही. खाली रीप असते तिथेच द्यायचा, तोही अनवाणी. हे सांगताना माझा आवाज जरा चढतो. पुढचं मात्र मी कधी सांगितलं नाही.

आळीत टीव्ही नवीन होता तेव्हाची गोष्ट. अँटेना कौलांवर, लांब काठीला बांधलेला. वाऱ्याने तो फिरला की पडद्यावर मुंग्या. तो बसवायला आलेल्या मेकॅनिकला मी शिडीवरून परत खाली बोलावून चपला काढायला लावल्या होत्या, वर व्याख्यानही दिलं होतं.

त्या दिवशी क्रिकेटचा सामना होता. कंपनीतून पहिली शिफ्ट करून येऊन तसाच खुर्चीत बसलो. सामना रंगात आला आणि मुंग्या आल्या. बायको भाचीच्या साखरपुड्याला पेणला गेली होती, म्हणजे अडवणारं कोणी नव्हतं. चढलो. पायात कंपनीचे जाड बूट. चार कौलं फुटली. खाली आलो तेव्हा चित्र अगदी स्वच्छ दिसत होतं, आणि त्यात खेळाडू एकमेकांचे हात हातात घेत होते.

जादाची कौलं मागच्या पडवीत रचलेली होती. बदलून टाकावीत म्हणेपर्यंत एस.टी. वेळेवर आली. बायको अंगणातले तुकडे बघत म्हणाली, "हे काय?"

"वानरं," मी म्हणालो.

एवढंच. पण बायकोने वर पाहिलं. शेजारच्या वहिनींच्या फणसाची फांदी आमच्या छपरावर आलेली होती. पिशवी न ठेवताच ती कुंपणाशी गेली.

"वहिनी, तुमच्या फणसावरनं वानरं उड्या मारतात आमच्या कौलांवर."

"फणस माझा हाय, वानरं माझी नायत गो."

"फांदी तर तुमची ना?"

"त्याच फांदीचा कापा खाताना बरी गोड लागते!"

ते खरं होतं. त्या फांदीचा पहिला पिकलेला कापा फणस दरवर्षी आमच्याकडे यायचा. मग बोलणं वाढत गेलं. कोणाच्या माहेरी काय रीत, इथपर्यंत पोचलं. मी आत बूट पुसत होतो.

तिसऱ्या दिवशी वहिनींनी माणूस लावून फांदी तोडली. तिच्यावर कोवळे फणस होते. त्यातला एक त्यांनी कुंपणावर ठेवला आणि म्हणाल्या, "घे गो. घर कोरडं ऱ्हाऊ दे तुझं." बायकोने भाजी केली. चांगली झाली होती. मी दोनदा वाढून घेतली, हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय.

एका बाजेवर पापड वाळत घालणाऱ्या या दोघी. त्यानंतर बोलणं बंद. हळदीकुंकवालाही एक आली की दुसरी निघायची. मी मध्ये पडलो नाही. त्यांच्या घरावर पत्रे येईपर्यंत दर मे महिन्यात वहिनींच्या कौलांची शाकारणी मात्र स्वतः उभं राहून करून घ्यायचो. वहिनी आळीभर सांगायच्या, "भाऊजी देवमाणूस. बायको तेवढी तिखट." बायकोच्या कानावर हे यायचं. ती माझ्याकडे बघायची आणि मी कौलांकडे.

यंदा त्याच बाजूला फणसाची नवी फांदी छपरावर आलेली दिसली. बायको ओट्यावर वाल सोलत बसली होती. म्हणाली, "सांगा तिला तोडायला. पुन्हा वानरं येतील."

"तेव्हा वानरं आलीच नव्हती," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

तिने हातातला वाल सोलून पूर्ण केला. मग उठून चपला घातल्या. "चला. तिच्यासमोर बोला."

वहिनींनी काठी टेकून सगळं ऐकून घेतलं. पहिला प्रश्न विचारला, "बूट घालून?"

"हो."

"अन् मी तुमाला देवमाणूस म्हनत व्हते!"

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय काय बोलले मी तुम्हाला, वहिनी."

"तू कशाला रडतेस गो? फांदी माझी गेली. अन् मी काय कमी बोलले?" मग दोघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं. माझ्या आयुष्यात एवढ्या एकमताने मला कोणी कधी काही सुनावलं नव्हतं.

फांदी राहिली. तिची पानं आमच्या पन्हळीत साचतात आणि पाणी तुंबलं की वासे कुजतात. म्हणून दर रविवारी ती मी काढतो, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहून, लांब काठीने. दोघी खाली वाल घेऊन बसतात. मी पायरीवर पाय ठेवला, की वहिनी मान वर न करता विचारतात, "अनवाणी हायत ना भाऊजी?"

आणि बायको वाकून बघते.