पायाळू पार्सलच्या खिडकीत

त्याला सगळे पायाळू म्हणायचे. आता पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेला. हा बापडा तर चारचौघांसारखा डोक्याकडूनच आला होता. पण बुटांच्या दुकानात उभी हयात गेली, त्यामुळे माणूस दिसला की नजर आधी पायांवर. लग्नाच्या वेळी म्हणे यानं मुलीचे पाय आधी पाहिले, तोंड मागाहून. "नशीब माझं, पाय तरी बरे होते," असं बायको अजूनही ऐकवते.

काम काय, तर गिऱ्हाईक स्टुलावर टेकलं की समोर उकिडवं बसायचं, टाच तळहातावर घ्यायची आणि विचारायचं, "कुठं लागतंय?" पाय दुसऱ्याच्या हातात दिला की भल्याभल्यांचा ताठा उतरतो. मग माणूस बुटाचं सांगता सांगता घरचंही सांगून मोकळा होतो. पायाळूला हे फार आवडायचं. हे काम तेवढं सुटू नये, दुसरं काही त्याचं मागणं नव्हतं.

मग लोक मोबाईलवर बूट मागवायला लागले. दुकानात यायचे, सतरा जोड काढायला लावायचे, आरशासमोर मिरवायचे, नंबर बघून घ्यायचे आणि "विचार करून येतो" म्हणून जायचे ते जायचेच. विचार कसला डोंबलाचा! पायरी उतरायच्या आत तोच बूट मोबाईलवर मागवलेला असायचा. एक पठ्ठ्या तर तो बूट घेऊन परत आला. म्हणाला, "काका, ऑनलाइन घेतलेला चावतोय हो. जरा ठोकळ्यावर चढवून सैल करून द्या ना." पायाळूनं करून दिला. अशा लोकांवर तो आधी चिडायचा, पुढं हसायला लागला, आणि नंतर दोन्ही सोडलं.

दुकान बंद करणं हा शब्द दुकानदार तोंडातून काढत नाही. मालकही रोज संध्याकाळी म्हणायचा, "चला, दुकान वाढवू या." एके दिवशी मात्र गल्ल्यावर बसूनच म्हणाला, "बंद करतोय रे."

पायाळू शटर ओढायला निघालासुद्धा. अर्ध्या वाटेत त्याला कळलं, मालक आजच्यापुरतं बोलत नाहीये.

"आणि मी?"

"जागा पार्सलवाल्यांना दिलीय. लोक ऑनलाइन मागवणार, इथून घेऊन जाणार. तुला ठेवून घ्या म्हटलंय त्यांना. खिडकीत बसायचं, खोकी द्यायची."

"म्हणजे पाय नाहीत."

"अरे बाबा, पगार आहे ना!"

"आहे," पायाळू म्हणाला. घरी बायकोनं सुटकेचा निःश्वास टाकला. "गुडघ्यांना तरी आराम," ती म्हणाली. तेही खरंच होतं.

स्टूल गेलं, आरसे गेले, खिडकी आली. लोक मोबाईल दाखवायचे, तो खोकं सरकवायचा. कोण आलं, कोण गेलं, त्याला पत्ता नसायचा.

एकदा जुन्या गिऱ्हाईक नर्सबाई आल्या. त्यांच्या अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं, कुठलाच बूट धड बसत नसे. वर्षानुवर्षं पायाळूच त्यांना सैल करून द्यायचा. खोकं घेऊन त्यांनी तिथल्या तिथे बूट घातला. पाय अर्ध्यावर अडकला.

"अगं बाई, तुम्ही इथेच का!" त्यांचा चेहरा उजळला. "बरं झालं. बघता का हो जरा, कुठं लागतोय ते?"

खिडकीशेजारी दार होतं. उघडंच होतं. कोणी नको म्हणणारं नव्हतं.

"परत करायचा असेल तर मोबाईलवरून करा," पायाळू म्हणाला.

बाईंनी एका हातानं भिंत धरून बूट ओढून काढला आणि गेल्या.

रात्री जेवताना त्यानं हे बायकोला सांगितलं. तिचा घास हातातच राहिला. "आणि तुम्ही उठला नाहीत? वाईट नाही वाटलं?"

त्यानं प्रामाणिकपणे आत चाचपून पाहिलं.

"नाही गं," तो म्हणाला, "काहीच वाटलं नाही." आणि ते ऐकून तो स्वतःच घाबरला.