आचार्यांनी पाहिलेली तलवार

भीमाचार्य आमच्या गल्लीतल्या देवळात रोज संध्याकाळी पुराण सांगत. कित्येक पिढ्या बेंगळुरात काढलेलं घराणं. मराठीत बोलता बोलता मध्येच कन्नडात शिरत, आणि ऐकणाऱ्याला कळतही नसे. आवाज बारीक, पण भक्तानं देवाला मारलेली हाक सांगू लागले की आम्हा बायकांच्या हातातल्या वाती वळायच्या राहत. "ह्यांना दुसरं काही येतच नाही," असं त्यांची बायको अनुसूयाक्का म्हणायची, आणि ते खरंच होतं.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात जयनगरच्या माळावर तंबूतला सिनेमा आला. राक्षस, उडता पलंग, लखलखणारी तलवार! बघता बघता देवळात आम्ही चौघीच उरलो. देवळाचे पंच मल्हारराव म्हणाले, "आचार्य, ऐकायला माणूस नाही, तर पुराण कुणासाठी? एकादशीपर्यंत बघू, मग बंद."

आचार्यांनी पुराणातच सिनेमाची निंदा सुरू केली. घरी अनुसूयाक्का म्हणाली, "न बघता निंदा करायची, हे कुठल्या शास्त्रात आहे?"

आचार्य उठले. डोक्यावरून उपरणं घेऊन सिनेमाला गेले, पण कपाळावरचा अंगारा-अक्षत कसा लपणार? तंबूच्या दारावर तिकिटं फाडणाऱ्या गुंडोनं रांगेदेखत विचारलं, "आचार्य, खुर्ची देऊ की वाळूत बसता?"

सकाळी मल्हारराव घरी हजर. "गेलोच नव्हतो, असं सांगा. गुंडोची नजर अधू झालीय म्हणू आम्ही. नाहीतर एकादशीची वाट न बघता पुराण आजच बंद."

"सरी," म्हणजे 'बरं', एवढंच आचार्य म्हणाले.

बातमी गल्लीभर झाली होती; संध्याकाळी देऊळ गच्च भरलं. आचार्यांनी पोथीला हात लावला नाही.

"काल मी सिनेमाला गेलो होतो. मी केलेली निंदा खोटी ठरली. तो राजपुत्र रागानं वार करतो, तेव्हा तलवारीचं तेज विझतं. दर वेळी विझतं. तुमच्या शिट्ट्यांत कुणाच्या ध्यानात आलं नाही. राग आहे तोवर राक्षस मरत नाही. मी तरी इथं दुसरं काय सांगतो?"

मी दोनदा बघितला होता तो सिनेमा. मला नुसत्या उड्या दिसल्या होत्या.

मल्हारराव ताडकन उठले. आम्हाला वाटलं, संपलं आता.

"असं कसं? शेवटी गुहेत दात-ओठ खातच येतो की तो! तेव्हा बरी लखलखते?"

बायकांच्या बाजूला हसू फुटलं. अनुसूयाक्का म्हणाली, "म्हणजे गुहेपर्यंत बसला होतात तर, मल्हारराव!"

आचार्य मात्र हसले नाहीत. "तो राग नव्हे. राक्षसाच्या गळ्यात त्याला आपल्या हरवलेल्या भावाचा ताईत दिसतो. राक्षस झालेला आपला भाऊच तो! दात आवळून रडतोय राजपुत्र. रडत मारतो, म्हणून तेज येतं. पुन्हा बघा, स्वल्प पुढं बसून."

मल्हारराव खाली बसले. उपरण्यानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "उघडा पोथी, आचार्य. कुठवर आलो होतो आपण?"