रविवारचे बेत आणि गावचा तलाव

लग्न होऊन मी मुंबईला गेले तेव्हा आमची एक खोली होती, खोलीला एक खिडकी होती आणि खिडकीतून समोरच्या चाळीची खिडकी दिसायची. मी ब्रह्मपुरीजवळच्या धानाच्या गावातली. त्या वेळच्या चांदा जिल्ह्यात आमच्या भागाला झाडीपट्टी म्हणत, अजूनही म्हणतात. घराच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, बांध्या संपल्या की तलाव, तलावापलीकडे जंगल. ते दार उघडायची इतकी सवय होती की मुंबईच्या खोलीत पहिले काही दिवस मी सकाळी उठून मागच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहायची. मग लक्षात यायचं की इथं दार नाही.

माझे मामा मुंबईत नोकरीला होते, त्यांनी हे स्थळ जमवलं. नवरा मूळचा कोकणातला, एका कचेरीत नकाशे काढण्याचं काम करायचा. माणूस बोलायला कमी, पण बारीक नजरेचा. मी भिंतीपाशी उभी राहते हे त्यांनी पाहिलं होतं. एका शनिवारी कचेरीतून येताना त्यांनी वाया गेलेला नकाशाचा कागद आणला, कोरी बाजू वर करून चटईवर पसरला आणि म्हणाले, "उद्या कुठं जाऊ या, सांग."

"कुठंही."

"कुठंही म्हणजे काय? जंगलात?"

मी मान डोलावली. त्यांनी पेन्सिलीनं एक टेकडी काढली, टेकडीला पायवाट, पायवाटेवर दोन ठिपके. "हा मी आणि ही तू," म्हणाले. "सकाळी निघायचं, दिवेलागणीला परत."

तेव्हापासून शनिवारची संध्याकाळ बेताची झाली. चहा व्हायचा, कागद पसरला जायचा, गाड्यांच्या वेळा तपासल्या जायच्या. पाणी कुठं मिळेल, सावली कुठं असेल, माझ्या चपलेचा अंगठा तुटला तर काय करायचं, एवढ्या सगळ्याचा विचार ते करायचे. मला प्रत्यक्ष जाण्यापेक्षा ही संध्याकाळच जास्त आवडायची. आम्ही कान्हेरीला गेलो, तुंगारेश्वरला गेलो, कर्जतकडच्या टेकड्या पालथ्या घातल्या. आणि प्रत्येक ठिकाणी पोचल्यावर ते माझ्या तोंडाकडे बघायचे.

"आहे का जंगल?"

"नाई. ही तर बाग आहे," मी म्हणायची.

ते हसायचे आणि पुढच्या शनिवारी आणखी लांबची टेकडी शोधायचे. शेजारच्या काकू म्हणायच्या, "अहो, एवढे डोंगर कसले तुडवता? तिला घारापुरीला न्या, होडीत बसवा. जुहूला तरी न्या." हे म्हणायचे, "नेतो, पुढच्या रविवारी नेतो." पुढच्या रविवारी पुन्हा डोंगरच. मला ते मनातून फार बरं वाटायचं. समुद्राच्या काठी वाढलेला माणूस माझ्यासाठी समुद्र सोडून डोंगर चढतो, असं मी माहेरी गेल्यावर मायला कौतुकानं सांगितलंही होतं.

जावई म्हणून ते आमच्या गावी निवांत असे आले ते दोनतीन वर्षांनी. धान कापून झालं होतं, हिवाळा चांगला पडला होता. नागपूरहून छोट्या रुळांच्या गाडीत बसलो आणि त्यांनी खिशातून कागद काढला.

"तुझ्या गावी एका दिवसाचा काय बेत करता येईल?"

मी सांगत गेले, ते काढत गेले. घर, बांध्या, देवीचं देऊळ, पलीकडचं जंगल. गाडी इतकी हलायची की सगळ्या रेषा थरथरत होत्या. "आणि इथं तलाव," मी म्हटलं. त्यांनी विचारलं, "केवढा?" मी म्हटलं, "मोठा." त्यांनी पेन्सिल खिशाला लावली आणि बाहेर बघत बसले. मला वाटलं, धक्क्यांना कंटाळले.

बाबांचा बेत मात्र कागदावरचा नव्हता. रात्री जेवताना त्यांनी एका वाक्यात सांगून टाकला. "उद्या तलाव ओलांडू, तिकडंच जेवू, सांजच्याले वापस येऊ."

सकाळी आम्ही चौघं निघालो, बाबा, माय, हे आणि मी. माय एका टोपलीत तांदूळ, वांगी आणि लाखोरीच्या डाळीचे वडे घेऊन पुढं. आमचा तलाव जुना, एका बाजूला मातीची उंच पाळ, बाकी तिन्ही बाजूंनी जंगल पाण्यापर्यंत उतरलेलं. पाळीखाली एकाच खोडाचा कोरलेला डोंगा बांधलेला असायचा. बाबांनी दोर सोडला, डोंगा काठाला लावला आणि म्हणाले, "बसा जी जावईबापू."

हे पुढं आले नाहीत. "तुम्ही जा सगळे. मी इथं बसतो."

"काऊन जी?"

"नको. मी इथंच बरा."

मायनं माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "मुंबईच्या माणसाले आपला डोंगा चालत नसन." मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की मी खाली बघत राहिले. एवढ्या लांबून हे आले, सगळ्या गावाला हौस, आणि असं काय करतात? रागही आला. नव्या धोतराला पाणी लागेल म्हणून की काय, असंही वाटलं.

यांनी काठावरच्या पळसाची एक फांदी धरली होती. बाबा त्या हाताकडे बघत होते. मग मीही बघितलं. फांदी वाकली होती आणि यांची बोटं पांढरी पडली होती.

बाबांनी वल्ह्याची काठी माझ्या हातात दिली. "पोरी, तू आन् तुही माय डोंग्यानं जा. आमी पाळीपाळीनं येतो."

"लांब पडेल ना, मामा?" हे म्हणाले. सासऱ्यांना ते मामाच म्हणायचे.

"लांब तं लांब. तलावाले वळसा असतेच."

मी डोंगा ढकलला. मागं वळून बघितलं तर बाबा पुढं, हे मागं, पाळीवरून दोघं जंगलाच्या दिशेनं चालले होते. हे मधेच वळले तेव्हा यांच्या तोंडावर मला नवल दिसलं. बायकोला डोंगा हाकता येतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

पलीकडं पोचून आम्ही तीन दगड मांडले, भात टाकला, वांगी भाजली. भात निवला तरी दोघांचा पत्ता नाही. त्या बाजूला अस्वलं फार. माय दर थोड्या वेळानं उठून हाक मारायची आणि परत येऊन म्हणायची, "मी उगाच बोलली ना वं?"

शेवटी झुडपांतून हसण्याचा आवाज आला. आधी बाबांचा, मग यांचा. यांच्या धोतराला कुसळंच कुसळं, खिशात आवळे, कपाळावर ओरखडा. मोहाच्या खोडावर अस्वलाच्या नखांचे ओरबाडे बाबांनी दाखवले होते, वानर कसं ओरडून सावध करतं ते ऐकवलं होतं. लहान पोरासारखे ते मला सांगत होते. "तू म्हणायचीस ते आता कळलं. आम्ही हिंडलो त्या खरोखरच बागा होत्या." मग त्यांनी मायच्या समोर बसून वडे मागून मागून खाल्ले. मायचा जीव भांड्यात पडला.

जेवल्यावर बाबा झाडाखाली आडवे झाले, माय भांडी घासायला गेली. आम्ही दोघं पाण्यापासून थोडं दूर बसलो होतो. त्यांनी विचारलं, "राग आला होता ना?"

"आला होता."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या गावाजवळून खाडी जायची. पलीकडं शाळा, म्हणून रोज होडीतून जायचं. ते दहा वर्षांचे, थोरला भाऊ बाराचा. एकदा भर ओहोटीला होडी कलंडली. होडीवाल्यानं हाताला लागला त्याला आधी ओढलं. हाताला हे लागले. भाऊ दुसऱ्या दिवशी सापडला. त्यानंतर यांना मुंबईला मावशीकडे ठेवलं, आणि ते पुन्हा गावी गेले नाहीत. आईच अधूनमधून येऊन भेटायची.

"मुंबईत चहूकडं पाणी," ते म्हणाले. "मी त्याच्याकडं पाठ करून राहतो."

"आणि रविवारचे बेत?"

ते जरा हसले. "अर्धे तुझ्यासाठी. अर्धे माझ्यासाठी."

मला वाटायचं, त्या शहरात मीच एकटी उपरी आहे आणि हा शहाणा माणूस मला सांभाळून घेतो. आज कळलं की दर रविवारी आम्ही दोघंही पळून जात होतो. मला फसल्यासारखं मुळीच वाटलं नाही. उलट त्या दिवशी ते मला पहिल्यांदा माझे वाटले.

ऊन कललं. बाबा उठले, काठी घेतली, म्हणाले, "चला जी, पाळीनं निघू. उजेड आहे तोवर."

हे उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "मामा, मी डोंग्यात बसलो तर?"

बाबांनी त्यांना नीट न्याहाळलं. "बसा. पर मी सांगन तसं. मधात उठाचं नाई."

मग हे माझ्याकडे वळले. "तुला पोहता येतं?"

"येतं."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाई."

"मग तू पाण्यातून चल. माझ्या बाजूनं."

मायनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "जावयाच्या पुढं पोट्टी पोहून राह्यली म्हणजे गाव काय म्हणन? आन् थंडी केवढी आहे!" बाबा म्हणाले, "गाव इथी कुठी आहे? तू बस डोंग्यात."

मी लुगडं घट्ट खोचलं आणि पाण्यात शिरले. पाणी इतकं गार होतं की श्वास आत ओढला गेला. डोंग्याच्या काठावर एक हात ठेवून मी दुसऱ्या हातानं पोहायला लागले. हे मधोमध बसलेले, दोन्ही हातांनी कडा धरलेल्या, डोळे माझ्यावर. कमळाच्या पानांमधून आम्ही निघालो. बाबा मागं उभे राहून काठी टाकत होते आणि अगदी हळू, जणू भरलेली घागर नेत असावेत तसा डोंगा नेत होते.

पानं संपली, उघडं पाणी लागलं. यांनी विचारलं, "मामा, इथं पाणी किती खोल?"

"आता नका इचारू. उतरल्यावर सांगतो."

माय फस्सकन हसली. तिच्या मागून मी हसले, तर नाकात पाणी गेलं. हे हसले नाहीत, पण एक हात सुटला आणि माझ्या हातावर येऊन बसला. काठाला लागेपर्यंत तो तिथंच होता.

उतरल्यावर बाबांनी सांगितलं, "दोन पुरुष." म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी राहिली तरी बुडतील एवढं. हे मटकन पाळीवर बसले आणि मग हसत सुटले, ते थांबेचनात.

मला सपाटून ताप भरला. मायनं काढे पाजले आणि ती बाबांना रोज बोलली. हे माझ्या उशाशी बसून कागदावर काहीतरी काढत असायचे. मला वाटलं, तलाव. तर तो त्यांच्या गावचा रस्ता होता. बोटीनं नाही, घाटातून, गाडीनं.

पुढच्या मे महिन्यात त्या रस्त्यानं ते मला कोकणात घेऊन गेले. सासूबाई अंगणात उभ्या होत्या. त्यांनी मुलाला विचारलं नाही की इतकी वर्षं का आला नाहीस. घर खाडीकडं तोंड करून होतं. हे पडवीत जाऊन बसले, खाडी समोर दिसेल असे, आणि कितीतरी वेळ बसून राहिले. सासूबाई दारातून त्यांच्याकडे बघत होत्या. मी फणस कापत होते.

मग सासूबाईंनी मला आत बोलावलं आणि हळूच विचारलं, "तुमच्याकडचा तो तलाव, यानं पत्रात लिहिलेला, होडीतून ओलांडला तो. पाणी गोडं ना गं त्याचं?"

"हो, गोडं."

"किती मोठा आहे?"

मी सांगायला लागले. त्यांनी माझ्यासाठी पाट मांडला, हातातली फणसाची परात काढून घेतली, आणि म्हणाल्या, "बस. सावकाश सांग."