आधी खुर्ची, मग बातमी

डॉ. सुमेधा वाहूळ मॅडमांशी माझी ओळख माझ्या फजितीतून झाली. कर्करोग विभागात मी नवाच होतो. ओपीडीच्या दारात उभ्याउभ्याच चितेगावच्या कारखान्यातल्या एका कामगाराला सांगून टाकलं, "आईंचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय." तासाभरात ते क्रांती चौकातून पेढे घेऊन हजर! "लई उपकार झाले, साहेब." पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं, असंच कुणीही समजेल. हातात पेढा धरून मी गारठलो.

मॅडम मागेच होत्या. "पेढा ठेवा, खुर्ची घ्या," एवढंच म्हणाल्या. मग मुलाला जरा बाहेर थांबवून, स्वतः आईंजवळ बसून त्यांनी विचारलं, "मावशी, तुम्हाला काय वाटतंय, काय झालंय?"

"कॅन्सर हाय, दुसरं काय! पन पोराला सांगू नका, लई हळवा हाय."

मॅडमांनी मायलेकांना समोरासमोर बसवलं आणि सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. दोघं पोटभर रडले. मग आईंनीच डोळे पुसून विचारलं, "औषध कवा सुरू करायचं?"

त्या दिवशी मॅडमांनी मला छावणी भागातल्या त्यांच्या घरी नेऊन जेवू घातलं. "माझी पहिली चूक याहून मोठी होती," म्हणाल्या. कोणती, ते अजून सांगितलेलं नाही!

कर्करोगाच्या डॉक्टरांना बोलायला शिकवणारा बुधवारचा वर्ग त्यांनी भांडून सुरू केला. "तोंड सगळ्यांनाच असतं, त्यात शिकवायचं काय?" असं एक वरिष्ठ भर बैठकीत हसले. मॅडम म्हणाल्या, "सुरी सगळ्यांच्याच घरी असते. करायची का सगळ्यांनी सर्जरी?" गर्दीचं कारण सांगून प्रशासनाने ओपीडीतल्या खुर्च्या काढल्या, तेव्हा मॅडम घरून घडीची खुर्ची आणू लागल्या. उभ्याने वाईट बातमी द्यायची नाही म्हणजे नाही.

आज मॅडम साठीच्या झाल्या, निवृत्तही होत आहेत. आणि नव्या वेळापत्रकातून बुधवारचा वर्ग गायब आहे. विचारलं, तर प्रशासनाकडून उत्तर मिळालं, "आता मॅडमच नाहीत, वर्ग कशाला?" मला याचा संताप येतो, आणि तो मी लपवणार नाही. वेळापत्रक त्यांचं असेल, बुधवार आमचा आहे. खोली मिळाली नाही तर व्हरांड्यात बसू. बसू मात्र नक्की, कारण उभ्याने शिकवायचं नाही, हेही मॅडमांचंच.

मॅडम, तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो, ठणठणीत तब्येत मिळो आणि भांडायची खुमखुमी अशीच राहो. आता जरा बसा, एक बातमी द्यायची आहे. येत्या बुधवारी चार वाजता वर्ग आहे. पेढे मी आणतोय. या वेळी खुशाल खा.