मालतीअक्कांची रविवारची शाळा

दुपारची शाळा सुटायची होती. मुलींना काजं करायला देऊन मी खिडकीपाशी उभी होते, तेवढ्यात वर्गाच्या दारात कंचन दिसली. कंचन माझी जळगावची जुनी विद्यार्थिनी, लग्न होऊन धुळ्यातल्या एका कापडदुकानदाराच्या घरात आलेली. घरातली सून भर उन्हात, एकटी, शाळेपर्यंत चालत आली म्हणजे काहीतरी झालं होतं. ती एवढंच म्हणाली, "बाई, अक्का गेल्या. दुकानात भावाचा फोन आला होता." आम्ही दोघी बाहेरच्या ओट्यावर बसलो. आत मुलींची कुजबुज चालू होती. ती म्हणाली, "दर दिवाळीला म्हणायचे, माहेरी गेले की अक्कांकडे जाऊन येईन... राहूनच जायचं." माझंही तसंच व्हायचं. जळगाव काही लांब नाही. सकाळची एसटी धरली तर माणूस जेवायला तिथे असतो.

त्याला आता महिना होऊन गेला. मालतीअक्का जळगावच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या आणि मी शिवण. त्या माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठ्या. लग्न केलेलं नव्हतं, शाळेच्या मागच्याच गल्लीत दोन खोल्यांत राहायच्या. साठ सालानंतरची गोष्ट असेल. जलाशयांचा धडा शिकवताना त्यांनी मुलींना विचारलं, मेहरूणचं तळं कोणी कोणी पाहिलंय? मेहरूणची बोरं सगळ्यांनी खाल्ली होती. तळं पाहिलेल्या मुली मात्र बोटावर मोजण्याएवढ्या निघाल्या. घर, शाळा, देऊळ आणि सुट्टीत मामाचं गाव, एवढंच त्यांचं जग. अक्का त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत येऊन पुस्तक मिटून बसल्या. मग मला म्हणाल्या, "सुशीला, पुस्तकातलं सरोवर शिकवते गं मी यांना, आणि घराजवळचं तळं यांना ठाऊक नाही. येत्या रविवारी घेऊन जाते. तू येशील का सोबतीला?"

अशी ती रविवारची शाळा सुरू झाली. सकाळी लवकर निघायचं, तळ्याकाठी जाऊन बसायचं. पहिले काही रविवार अक्कांनी काहीच शिकवलं नाही. "बसा. बघा. दिसेल ते सांगा," एवढंच. मुली कंटाळायच्या, एकमेकींच्या वेण्या ओढायच्या. मग हळूहळू एखादी विचारायची, "बाई, तो काळा पक्षी बुडाला तो अजून वर कसा नाही आला?" अक्का लगेच नाव सांगायच्या नाहीत. "कुठे वर येतोय ते आधी बघ, नाव मग सांगते." दोनतीन महिन्यांत मुली टिबुकलीची बुडी आणि पाणकावळ्याची बुडी लांबूनच वेगळी ओळखायला लागल्या. बोरीच्या झाडावरची विणकर मुंग्यांची घरटी, पाऊस लांबला की तळ्याच्या काठावर उमटणाऱ्या रेघा, गुराख्याच्या गाईंच्या मागे चालणारे बगळे... वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुली तिथे भडाभडा बोलायच्या.

कंचनच्या घरून मात्र नकार होता. मूळ राजस्थानचं, दोन पिढ्या जळगावात व्यापार केलेलं घर. तिचे वडील, आम्ही त्यांना शेठजी म्हणायचो, अदबीचे. त्यांनी सरळ नाही म्हटलं नाही. म्हणाले, "बाई, घरातलं मोठं माणूस बरोबर असेल तर पाठवतो." मोठं माणूस म्हणजे त्यांची आई, घरात सगळे त्यांना माजी म्हणायचे. माजी सासरी आल्यापासून घर आणि मंदिर याखेरीज कुठे गेलेल्या नव्हत्या, त्या कुठल्या येतात, असा शेठजींचा हिशेब. रविवारी आम्ही कंचनच्या दाराशी गेलो तर माजी घागऱ्यावर शाल लपेटून, हातात डब्बा घेऊन, नातीच्या आधी ओट्यावर हजर!

त्या हिवाळ्यातली एक सकाळ मला विसरता येत नाही. तळ्यावर धुकं होतं. वरून कर्र कर्र असा आवाज करत पक्ष्यांची एक लांब रांग आली. अक्का मुलींना सांगणार होत्या की हे करकोचे, थंडीत फार दुरून येतात. पण त्यांच्या आधी माजी उठून उभ्या राहिल्या. तोंडावरचा पदर मागे पडला त्याचंही भान नाही. "अरे, ऐ तो म्हारी कुरजां है!" त्यांच्या माहेरी गावाबाहेरच्या तळ्यावर हे पक्षी उतरायचे. सासुरवाशिणी त्यांच्याजवळ माहेरासाठी निरोप द्यायच्या, असं त्यांनी मोडक्या मराठीत मुलींना सांगितलं. रांग दिसेनाशी झाली तरी त्या उभ्याच होत्या. "मी समजत होते, त्या तिकडेच राहिल्या," त्या म्हणाल्या. "इकडेपण येतात... मला कुणी सांगितलंच नाही." त्यानंतर माजींनी एकही रविवार चुकवला नाही. त्यांच्यामागे त्या गल्लीतल्या आणखी बायका यायला लागल्या, सुना, सासवा, कडेवरच्या पोरांसकट. अक्कांची शाळा मुलींची उरली नाही, गल्लीची झाली.

आणि मग पद्मालयची सहल. एरंडोलजवळच्या त्या गणपतीच्या देवळापुढे कमळांचं तळं आहे, भोवती रान. मुली कमळाच्या पानावर पाणी का ठरत नाही ते बघण्यात रमल्या होत्या. पलीकडे कुठल्यातरी मंडळींची भरिताची पार्टी चालली होती. कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजत होते. धूर वर गेला, आणि वरच्या फांदीला आग्या मोहोळ होतं. देवळातला एक म्हातारा ओरडत धावत आला, "पया वं पोरीओ, पया! आग्या उठना! बठ्ठ्या मंदिरमा चला!" मी हाताला लागतील त्या मुली ओढत देवळात शिरले. माजी कंचनला पोटाशी धरून आत आल्या. एक लहान मुलगी तळ्याच्या पायरीवर पडून राहिली होती. अक्का परत फिरल्या. तिच्यावर ओणव्या झाल्या, आपल्या लुगड्यात तिला गुंडाळलं आणि माश्या पांगेपर्यंत हलल्या नाहीत.

मुली वाचल्या. काहींची तोंडं सुजली, आठवड्यात उतरली. अक्का मात्र बरेच दिवस इस्पितळात होत्या, डोळे उघडता येत नव्हते. गावात बोलणं सुरू झालं होतं. मुलींना रानात न्यायचं कारणच काय, भूगोल वर्गात होत नाही का... धूर करणाऱ्यांचं नाव कोणी काढलं नाही. शाळेच्या समितीने रविवारचा वर्ग बंद केला, सहली बंद केल्या. मी अक्कांना म्हटलं, तुम्ही समितीपुढे बोला, त्या पोरीच्या आईला बोलवा, ती सांगेल. अक्का म्हणाल्या, "तिची पोर घरी सुखरूप गेली ना? मग मी आणखी काय बोलू?" तेव्हा मला हा मोठेपणा वाटला. आता वाटतं, त्यांनी भांडायला हवं होतं.

माजी एकदाच इस्पितळात आल्या, शेठजींच्या नकळत. अक्कांच्या सुजलेल्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "थंडीत कुरजां येतील. मला नेशील ना बाई?" अक्का म्हणाल्या, "नेईन माजी."

पण शेठजींनी आता घरातल्या कोणालाच सोडलं नाही. अक्का प्रत्येक हिवाळ्यात त्यांच्या दुकानात जायच्या, शेठजी पाणी द्यायचे, चहा द्यायचे आणि विषय बदलायचे. कंचनचं लग्न झालं. अखेर दुष्काळाच्या वर्षी शेठजींनी स्वतःच निरोप धाडला: आई फार थकलीय, एकदा घेऊन जा. आम्ही टांगा केला. तळ्यात पाणी नव्हतं. भेगा पडलेल्या चिखलात शेळ्या फिरत होत्या. आभाळ मोकळं. माजी काठावर बराच वेळ बसल्या. मग माजीच अक्कांना समजावू लागल्या. "यंदा नाही आल्या तर नाही आल्या. पाहुणा कोरड्या विहिरीवर कशाला येईल?" पुढच्या थंडीत तळ्यावर पाणी होतं, पक्षीही आले. माजी मात्र पावसाळ्यातच गेल्या होत्या. अक्का इतर कशाबद्दल हळहळल्या नाहीत. या एका गोष्टीबद्दल हळहळायच्या.

त्यानंतर यजमानांची बदली झाली आणि मी धुळ्याला आले. काही वर्षांनी अक्कांच्या हृदयाचं दुखणं निघालं. आणि नेमक्या त्याच सुमारास शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या. त्या अक्कांच्या घरी जाऊन म्हणाल्या, रविवारचा वर्ग पुन्हा सुरू करा, जबाबदारी माझी. अक्कांनी मला बोलावून घेतलं. रिक्षाने आम्ही तळ्यावर गेलो. चहाच्या टपरीवाल्याने खुर्ची आणून दिली. समोर नव्या मुली बसल्या. काठच्या बऱ्याच बोरी तोडलेल्या होत्या, प्लॉटचे दगड रोवलेले होते, पक्षी पार मध्यावर गेलेले. अक्का बोलायला लागल्या तर दम पुरेना. मागच्या मुलींना काही ऐकू येत नव्हतं. त्या आपसांत बोलू लागल्या, त्यांची काय चूक? अक्कांनी मग बोलणं थांबवलं आणि नुसत्या पाण्याकडे बघत बसल्या. परत येताना रिक्षात म्हणाल्या, "परवानगी चांगल्या माणसाने दिली गं. थोडी आधी मिळती तर..." पुन्हा त्या तळ्यावर गेल्या नाहीत. मीही पुन्हा त्यांना भेटले नाही.

अक्कांची एक सवय सांगायची राहिली. बोलता बोलता कुठे पक्षी ओरडला की त्या थांबायच्या आणि हात वर करायच्या. पगारवाढीची चर्चा असो की कोणाच्या मयताची बातमी, आवाज संपेपर्यंत समोरच्याने गप्प राहायचं. मग "तांबट" किंवा "हळद्या" असं नाव सांगून त्या अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायच्या. ही सवय मला कधी लागली ते कळलं नाही. परवा शाळेत आम्ही बायका डबे उघडून बसलो होतो, माझं काहीतरी बोलणं चाललं होतं. बाहेरच्या कडुनिंबात कोणीतरी बारीक, लांबट सूर काढला आणि माझा हात वर गेला. सगळ्या गप्प झाल्या. सूर थांबल्यावर एकीने विचारलं, "कोणता पक्षी हो, बाई?"

मला सांगता आलं नाही. इतके रविवार मी अक्कांच्या शेजारी बसले, पण नाव सांगायला त्या होत्याच... मी हात खाली घेतला आणि आपण काय सांगत होतो ते आठवू लागले.