गुणतक्त्याच्या मध्यावर

उत्तर इंग्लंडमधल्या आमच्या गावाचा फुटबॉल क्लब खालच्या श्रेणीत खेळतो. यंदा तो गुणतक्त्याच्या मध्यावर राहिला. वरच्या श्रेणीत बढती नाही, आणखी खालच्या श्रेणीत घसरणही नाही.

मैदानात माझ्या शेजारी म्हातारा केन बसतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी त्याला फार ताण घेऊ नका म्हणून बजावले. त्यावर त्याच्या मुलीने, लिंडाने, नियम केला: संघ मध्यावर असेल तोवरच मैदानात यायचे.

मार्चमध्ये संघ अचानक सलग जिंकू लागला. "डॅड, आज जिंकले की पुढचे सामने घरी रेडिओवर," लिंडा म्हणाली. बरोबरी असताना अगदी शेवटी आम्हाला पेनल्टी मिळाली. केन ताडकन उठला. "मार रे, मार!" लिंडाने त्याचे मनगट धरले. चेंडू गोलच्या वरून गेला.

"गाढव लेकाचा," केन म्हणाला आणि खाली बसून हसू लागला.

संघ पुन्हा मध्यावर आला. हंगामाच्या अखेरीस खेळाडू मैदानाला फेरी मारून प्रेक्षकांचे आभार मानतात. पेनल्टी चुकवणारा तो खेळाडू समोर आला, तेव्हा मागून कुणी ओरडले, "अरे, गोल खाली असतो!" लिंडा मात्र उभी राहून टाळ्या वाजवत होती. "थँक यू!" ती म्हणाली. टोमणा समजून त्याने मान खाली घातली.

बढतीचे फोटो भिंतीवर लागतात, घसरणीच्या गोष्टी पबमध्ये रंगतात. अशा मधल्या हंगामाला बातमीत एक ओळ मिळते. त्या ओळीत हे येणार नाही, म्हणून इथे नोंदवतो: ऑगस्टमध्ये नवा हंगाम सुरू होईल, तेव्हा केन माझ्या शेजारी असेल.